इंग्लंडमधल्या खेड्यातल्या पबचा इतिहास कसा शोधायचा

दारावरच्या पाटीवर 'स्थापना १५९०' असं रंगवलेलं असलं, तरी तिथून सुरुवात करू नका. ते फार तर इमारतीचं वय, तेही अंदाजे. तिथे दारू कधी विकायला लागले, हा वेगळा प्रश्न. आजपासून मागे मागे जा आणि माग काढा तो जागेचा. नाव बदलतं, माणूस बदलतो, 'व्हाइट हार्ट' तर शेजारच्या दोन गावांतही सापडतो. जमिनीचा तुकडा मात्र जागचा हलत नाही.

लँडलॉर्ड म्हणजे मालक असं समजू नका. पब चालवतो तो लँडलॉर्ड. इमारत एखाद्या जमीनदाराची असायची, पुढे बहुधा ब्रुअरीची. म्हणून वहीत मालक आणि चालवणारा हे रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. त्यांच्या जोडीला वर्ष, पबचं तेव्हाचं नाव आणि ते कुठल्या कागदात मिळालं, एवढं पुरे.

आधी सांगाडा उभा करा. १८४१ ते १९२१ च्या जनगणना आणि १९३९ चं रजिस्टर (युद्ध सुरू होताच केलेली नागरिकांची नोंद) बघा. १९३१ ची जनगणना जळाली, १९४१ ची झालीच नाही. १८५१ पासून पहिल्या रकान्यात जो आकडा दिसतो तो घर क्रमांक नव्हे, नुसता अनुक्रमांक. इथे भलेभले फसतात. १८४१ मध्ये मोठ्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवलेली आहेत, ३९ चा माणूस ३५ चा दिसतो. शिवाय खेड्यातल्या नुसत्या पबवर पोट भरत नसे. लँडलॉर्ड लोहार, सुतार किंवा शेतकरीही असायचा आणि जनगणनेत कधी नुसतंच 'लोहार' पडायचं. मधली वर्षं 'केली', 'पिगट', 'व्हाइट' या प्रकाशकांच्या डिरेक्टऱ्यांतून, म्हणजे गावोगावच्या व्यावसायिकांच्या छापील याद्यांतून भरा; पण छापून येईपर्यंत त्यातली माहिती शिळी झालेली असते.

खरा खजिना परवान्यांच्या कागदांत आहे. १५५२ पासून एलहाउसला, म्हणजे तेव्हाच्या साध्या पबला, मॅजिस्ट्रेटचा परवाना आणि मुचलका लागायचा. १७५३ च्या कायद्याने या मुचलक्यांची नोंदवही ठेवणं सक्तीचं झालं. ती क्वार्टर सेशन्सच्या (दर तीन महिन्यांनी भरणाऱ्या काउंटीच्या न्यायालयाच्या) दफ्तरात, काउंटी रेकॉर्ड ऑफिसात मिळते. वर्षाला एक नोंद: नाव, गाव, जामीन. पबचं नाव पुष्कळदा नसतंच. गावात दोन पब असले तर पबचं नाव दिलेलं एखादं वर्ष पकडा आणि तिथून एकेक वर्ष मागे सरकत माणसं जुळवा. जामिनांची नावं गाळू नका. गावातले दोन पबवाले एकमेकांना जामीन राहिलेले दिसतात, म्हणजे एका ओळीत दोघे हाती लागतात. आडनाव तेच राहून पुढे बाईचं नाव आलं, तर बहुधा नवरा वारलेला असतो. त्या वर्षाचं चर्चचं दफन रजिस्टर आणि मृत्युपत्र बघा.

१८२८ च्या कायद्याने ही सक्ती गेली. परवान्यांची रजिस्टरं पुन्हा नीट सुरू झाली ती १८७२ च्या कायद्यानंतर. मधे मोठं भगदाड आहे. त्यातच १८३० चा बियरहाउस कायदा आला: एक्साइजला दोन गिनी भरा आणि राहत्या घरातून बियर विका, मॅजिस्ट्रेटला विचारायचं कारण नाही. १८६९ मध्ये हे बियरवाले पुन्हा मॅजिस्ट्रेटच्या हाताखाली आले. म्हणून या काळात परवाना सापडला नाही, एवढ्यावरून 'पब नव्हता' असं लिहू नका. डिरेक्टरीत 'बियर रिटेलर' म्हणून गावाच्या यादीत एखादं नाव असतं, पबचं नाव न देता. तोच तुमचा माणूस असू शकतो.

भगदाड बुजवायला १८३६ च्या कायद्यानंतरचे टाइद नकाशे, म्हणजे चर्चला द्यायच्या दशांश करासाठी काढलेले जमिनीचे नकाशे, उत्तम. नकाशावरचा क्रमांक सोबतच्या तक्त्यात शोधा. मालक, कब्जेदार, क्षेत्रफळ एका ओळीत मिळतं, जवळजवळ सातबाराच. नंतर जुनी वर्तमानपत्रं. फक्त पबचं नाव टाकून शोधू नका, 'परवाना हस्तांतर', लिलाव आणि मृत्यूची चौकशी यांच्या बातम्याही चाळा, कारण लिलाव आणि चौकशा पबमध्येच भरत.

१७५२ पूर्वीच्या तारखा जपून उतरवा. तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे फेब्रुवारी १७२० म्हणजे आपला फेब्रुवारी १७२१. वहीत १७२०/२१ असं लिहा, नाहीतर लँडलॉर्ड मेल्यानंतर परवाना घेताना दिसेल.

इमारतीसाठी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमधल्या १९१० च्या मूल्यांकनाच्या वह्या मागवा, मालिका आयआर ५८. आधी त्याच सर्वेक्षणाच्या नकाशावरून जागेचा क्रमांक काढावा लागतो. नशीब असेल तर खोल्या, तळघर, तबेला असं सगळं लिहिलेलं मिळतं. नसेल तर दोन ओळी.