उन्हाळी गणित-संशोधन प्रकल्प: या चुका टाळा

दर हंगामात पदवीच्या मुलांचे अर्ज आणि अहवाल माझ्यासमोर येतात. मुलं हुशार असतात, पण चुका त्याच त्या. स्टायपेंड मिळून दोन महिने फक्त गणित करायला मिळणं ही फार मोठी संधी आहे, आणि ती घाईपायी वाया जाते.

सुरुवात अर्जापासून. ‘लहानपणापासून गणिताची आवड आहे’ हे वाक्य काढून टाका. ते प्रत्येक अर्जात असतं. त्यापेक्षा एखादी सिद्धता वाचताना नेमकं कुठे अडलात ते लिहा. ग्रुप थिअरीतल्या सिलोच्या प्रमेयात ग्रुपची क्रिया उपसंचांवर का घ्यायची हे आधी कळलं नाही आणि मग कसं उलगडलं, एवढा एक परिच्छेद मला गुणपत्रिकेपेक्षा जास्त सांगतो. एकच मजकूर तीस प्राध्यापकांना पाठवणाऱ्यांना उत्तर येत नाही, आणि येऊही नये.

पात्रतेचे नियम आधी वाचा. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातून चालणाऱ्या आरईयू, म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या संशोधन प्रकल्पांचं स्टायपेंड तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी असतं. सगळी कागदपत्रं जमवल्यावर हे कळणारे दरवर्षी भेटतात. शिफारसपत्र शेवटच्या आठवड्यात मागू नका.

आता ज्या चुकीने मला सर्वांत जास्त त्रास होतो ती: आकडेमोडीला सिद्धता समजणं.

एका मुलाने सायक्लोटॉमिक बहुपदींवर प्रकल्प घेतला होता. क्षच्या न-व्या घातातून १ वजा केला की जी बहुपदी मिळते तिचे अवयव पाडायचे. प्रत्येक न ला एक नवा अवयव मिळतो, तीच न-वी सायक्लोटॉमिक बहुपदी. त्याने संगणकावर पहिल्या शंभर काढल्या. सगळे सहगुणक ०, १ किंवा −१. तेवढ्यावर अहवालात ‘प्रमेय’ लिहिलं गेलं आणि पुढची प्रकरणं त्याच्यावर रचली गेली. मी विचारलं, हे का खरं आहे? ‘सर, शंभरपर्यंत तपासलंय.’ मी त्याला तोच प्रोग्राम १०५ साठी चालवायला लावला. क्षच्या सातव्या घाताचा सहगुणक −२ आला.

१०५ म्हणजे ३ × ५ × ७, तीन वेगवेगळ्या विषम मूळ संख्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या. अशा मूळ संख्या दोनपेक्षा जास्त नसतील तोवर सहगुणक ०, १, −१ च्या बाहेर जात नाहीत. दोन मूळ संख्यांच्या गुणाकारासाठी हे मिगोटी या गणितज्ञाने १८८३ मध्ये दाखवलं होतं. त्या मुलाने १५ ची बहुपदी एकदा कागदावर सोडवली असती, तर ३ आणि ५ मुळे कोणती पदं एकमेकांना खोडतात ते दिसलं असतं, आणि तिसरी मूळ संख्या आली तर काय होईल हा प्रश्न आपोआप पडला असता. उरलेल्या दिवसांत त्याने दोन मूळ संख्यांची सिद्धता स्वतः बसवली. अहवाल निम्म्यावर आला, पण त्यातलं प्रत्येक विधान खरं होतं.

संगणक जरूर वापरा. माझी सवय अशी: पहिली चार-पाच उदाहरणं हाताने, मग प्रोग्राम, आणि त्यात मुद्दाम विधान मोडतील अशा संख्या. हाती एखादी क्रमिका आली की ती आधी ओईआयएसमध्ये, म्हणजे संख्यांच्या क्रमिकांच्या ऑनलाइन संग्रहात, शोधायची. गणितज्ञ नील स्लोन यांनी विद्यार्थी असताना, १९६४ मध्ये, सुरू केलेला हा संग्रह आपला ‘नवा शोध’ जुनाच आहे का ते बहुतेक वेळा तिथल्या तिथे सांगतो. चॅटबॉटकडून सिद्धता आणणाऱ्यांना मी फळ्यासमोर उभं करतो. ‘हे उघड आहे’ म्हटलेल्या ओळीपाशीच ते थांबतात.

कोलाट्झचं अनुमान, सांगायला सोपा पण अजून कुणालाही न सुटलेला प्रश्न, सोडवायला घेऊ नका.

अडलात की गप्प बसू नका. ‘काहीच झालं नाही’ म्हणून मुलं मार्गदर्शकाची भेट टाळतात आणि दोन आठवडे जातात. काहीच झालं नाही तेव्हाच जायचं असतं. सोबत एक पान न्या: काय करून पाहिलं, कुठे अडलं, सर्वांत लहान कोणत्या उदाहरणात अडलं. ते उदाहरण हातात असेल तर दहा मिनिटांत बोलणं मुद्द्यावर येतं.

लाटेक, म्हणजे गणित टाइप करायची प्रणाली, पहिल्या आठवड्यात शिका. त्या दिवशीची व्याख्या आणि लेमा (मोठ्या सिद्धतेत लागणारं छोटं प्रमेय) त्याच संध्याकाळी टाइप करा. लिहिताना जिथे हात अडखळतो, तिथे सिद्धतेत भोक असतं.