आधी प्राणी ठरवा : उत्क्रांती-विकासजीवशास्त्रातील संशोधनाचा अनुभव

उत्क्रांती-विकासजीवशास्त्रात, म्हणजे आम्ही रोजच्या बोलण्यात ज्याला ‘इव्हो-डेव्हो’ म्हणतो त्या विषयात, पीएचडी करू इच्छिणारे विद्यार्थी मला बहुतेक वेळा प्रवेशपरीक्षांबद्दल विचारतात. ती उत्तरे मी देतेच. पण ‘काम कोणत्या प्राण्यावर करायचे आहे?’ असे मी उलट विचारले की बरेच जण अडखळतात. माझ्या आजवरच्या कामात जे बरेवाईट घडले, त्याचा मोठा भाग याच एका निवडीतून आलेला असल्यामुळे हे अनुभवकथन मी त्याच अंगाने लिहीत आहे.

विषयाचा गाभा थोडक्यात सांगते. अंड्यापासून शरीर घडवणारी जनुके निरनिराळ्या प्राण्यांत बरीचशी सामाईक असतात. मग शरीरे इतकी वेगळी कशी होतात? फळमाशीत अल्ट्राबायथोरॅक्स या जनुकामुळे वक्षाच्या तिसऱ्या खंडावर पंखांऐवजी तोल सांभाळणारे बोंडासारखे छोटे अवयव येतात. फुलपाखराच्या मागच्या पंखातही हेच जनुक कार्यरत असते, तरी तेथे पंखाचा पंखच राहतो. जनुक तेच, मात्र त्याच्या हुकमतीखाली आलेली जनुके दोन्हीकडे वेगळी. फळमाशीतील या जनुकसमूहावर एडवर्ड लुइस यांनी आयुष्यभर काम केले आणि १९९५ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

पुण्यात विकासजीवशास्त्राची मुळे जुनी आहेत. एडिनबराला विकासजीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्या गर्भावरचे काम रुजवले, आणि एमएस्सीला आम्ही गर्भ वाढवायला शिकलो ते त्याच परंपरेतून. किराणा दुकानातली अंडी चालत नाहीत, कारण ती फलित नसतात. हॅचरीतून आणलेली अंडी अठरा तास उबवायची आणि मग बलकावरचे पातळ पटल गर्भासकट सोडवून काचेच्या कड्यावर ताणून बसवायचे. पहिल्या दिवशी मी बारा अंडी घेतली आणि अकरा पटले फाडली. बाराव्या अंड्यातल्या गर्भाचे हृदय दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली धडधडताना दिसले, तेव्हा आपण याच विषयात राहणार हे मला कळले. आपले हात या कामासाठी घडले आहेत का, हे पीएचडीला नाव नोंदवण्याआधीच एखाद्या उन्हाळी प्रकल्पात पाहून घ्यावे.

पीएचडीसाठी मला हायड्रा मिळाला; गोड्या पाण्यात राहणारा, नळीसारख्या धडाचा आणि तोंडाभोवती स्पर्शके असलेला प्राणी. मराठीत त्याला ‘जलव्याल’ असे भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात तो जेमतेम सेंटीमीटरभर लांब असतो. १९०९ मध्ये एथेल ब्राउन यांनी त्याच्या तोंडाजवळचा ऊतीचा तुकडा दुसऱ्या हायड्राच्या धडात रोवला आणि त्या जागी यजमानाच्याच पेशींतून नवा देहाक्ष, म्हणजे डोक्यासकट नवे धड, उगवतो हे दाखवले. गर्भाचा तुकडा दुसऱ्या गर्भात रोवून असाच दुसरा देहाक्ष मिळवणारा, श्पेमान आणि मान्गोल्ड यांचा उभयचरांवरचा प्रसिद्ध प्रयोग यानंतर पंधरा वर्षांनी, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पण पाठ्यपुस्तकात जागा मिळाली ती त्यालाच. ब्राउन यांचा प्रयोग मी स्वतः करून पाहिला. धडाला बारीक खाच पाडून तुकडा आत सरकवायचा, एवढेच काम, पण ते जमायला तीन आठवडे गेले.

या प्रयोगांपेक्षा जास्त वेळ हायड्रांना जगवण्यात जातो, आणि त्याची कल्पना नवागतांना नसते. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीवजा जीवाची अंडी उबवायची, निघालेली पिल्ले गाळणीत मिठाचा अंश जाईपर्यंत धुवायची, हायड्रांना घालायची आणि काही तासांनी वाडग्यातले सगळे पाणी बदलायचे. पाणी बदलले नाही तर उरलेले अन्न कुजते, स्पर्शके आखडतात आणि दोन-चार दिवसांत वाडगा मोकळा होतो. एका दिवाळीत आमच्या संवर्धनखोलीचा एसी बंद पडला. १८ अंशांची खोली किती तापली हे कोणी पाहिलेच नाही, कारण सुट्टीतल्या पाळ्यांचा तक्ता करायचे काम माझ्याकडे होते आणि मी तो केलाच नव्हता. भाऊबीज उरकून आले तेव्हा तळ्यातून स्वतः गोळा करून वर्षभर वाढवलेला वाण संपला होता. तेव्हापासून कोणत्याही वाणाचे दोन वाडगे मी दुसऱ्या इमारतीतल्या मित्राकडे ठेवते.

माझी दुसरी चूक कागदावरची होती, आणि तिने सहा महिने खाल्ले. हायड्राचे एक जनुक मी संगणकावर ताडून पाहिले, यादीत सर्वांत वर आलेल्या उंदराच्या जनुकाचे नाव त्याला देऊन टाकले आणि कोणत्या पेशींत ते सुरू असते ते पाहायला घेतले. इन सिटू हायब्रिडायझेशनची ही रीत चार-पाच दिवस चालते. त्यात ऊती सैल करण्यासाठी वापरायचे प्रोटिनेज के हे प्रथिने तोडणारे विकर दोन मिनिटे जास्त राहिले तरी प्राण्याचा लगदा होतो. शेवटी स्पर्शकांच्या मुळाशी सुरेख जांभळी कडी उमटली. उंदरात ज्याचा पायांच्या जडणघडणीशी संबंध आहे तेच जनुक येथे स्पर्शकांपाशी, असा पोस्टर मी मोठ्या उत्साहाने लावला. एका ज्येष्ठ संशोधकांनी शांतपणे विचारले, ‘या जनुककुळाचा वंशवृक्ष काढलात का?’ मी तो काढला नव्हता. काढल्यावर समजले की माझे जनुक त्याच कुळातल्या वेगळ्या शाखेतले होते.

जनुक खरोखर तेच असते तरीही प्रश्न उरला असताच. डोळ्याच्या घडणीत लागणारे उंदराचे पॅक्स-६ जनुक फळमाशीच्या पायात सुरू केल्यास तेथे माशीचा डोळा उगवतो, असे १९९५ मध्ये दिसून आले. त्यावरून दोघांच्या समान पूर्वजाला आपल्यासारखा डोळा होता असे ठरत नाही. प्रकाश टिपणाऱ्या साध्या पेशींत ते जनुक आधीपासून असेल आणि पुढे दोन्हीकडे डोळे वेगवेगळ्या वाटेने घडले असतील. दोन दूरच्या प्राण्यांत एकच जनुक दिसले की त्यांच्या मधल्या शाखांवरचे प्राणी काय करतात हे पाहावे लागते. म्हणून वंशवृक्ष काढणे आणि वाचणे हे कौशल्य मी पिपेट धरण्याच्या आधी शिकवते.

पैशांचे थोडक्यात सांगते. नेट-जेआरएफ ही राष्ट्रीय परीक्षा किंवा संस्थांच्या स्वतःच्या परीक्षा यांतून प्रवेश मिळतो. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) महिना ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ) ४२,००० रुपये अधिक घरभाडे असा दर आहे. ही शिष्यवृत्ती साधारण पाच वर्षांची असते, आणि नवा प्राणी प्रयोगशाळेत रुळवायलाच त्यातली दोन सहज जातात. त्यामुळे पीएचडीला रुळलेला प्राणी घ्यावा आणि आडवळणाचा प्राणी पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, ठेवावा, असे माझे मत आहे. काही सहकाऱ्यांना ते भित्रेपणाचे वाटते.

पोस्टडॉकला मी व्हिएन्नाला गेले आणि नेमॅटोस्टेला या निमखाऱ्या चिखलातल्या छोट्या समुद्रफुलावर, म्हणजे हायड्राच्याच एका दूरच्या नातलग प्राण्यावर, काम केले. कारण सरळ होते. हायड्राचा गर्भ कठीण कवचात आठवडेच्या आठवडे निपचित पडून राहतो, त्यामुळे गर्भविकास पाहण्याची सोय कमी. नेमॅटोस्टेलाला मात्र रात्रभर उजेड आणि ऊब दिली की सकाळी शेकडो अंडी मिळतात. सिस्टीनच्या द्रावणात त्यांचा चिकट गोळा विरघळवायचा आणि पहिले विभाजन होण्याआधीच्या तुटपुंज्या वेळात एकेका अंड्यात जनुकांत बदल करणारे क्रिस्परचे मिश्रण टोचायचे. २००७ मध्ये नेमॅटोस्टेलाचा आणि २०१० मध्ये हायड्राचा जनुकसंच प्रसिद्ध झालेला असल्यामुळे दोघांची तुलना करता येत होती, आणि मला परत येताना स्वतःचा असा प्रश्न मिळाला तो या दोन प्राण्यांच्या मध्येच. नेमॅटोस्टेलालाही आर्टेमियाच लागतो, हे मात्र तेथे पोहोचल्यावर कळले.

भारतात परतण्यासाठी रामलिंगस्वामी किंवा इंडिया अलायन्ससारख्या फेलोशिप असतात. अर्जाची तयारी वर्षभर आधी करावी. माझा पहिला अर्ज नाकारला गेला. मुलाखतीत ‘याचा माणसाला उपयोग काय?’ असे विचारतात, तेव्हा कर्करोगाचे नाव उगीच ओढून आणू नये; समितीतल्या जाणकाराला ते लगेच कळते. पुनर्जननाचा, म्हणजे तुटलेला भाग पुन्हा उगवण्याचा, खरा धागा असेल तर तो सांगावा, नसेल तर प्रश्नच नीट मांडावा.

मला येणाऱ्या पत्रांत बहुतेकदा गुणपत्रिका असतात. एका पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या एका मुलीचे पत्र आले. भाताच्या खाचरावर वाकलेल्या फांदीवरचे बेडकाचे फेसाळ घरटे तिने सलग पाच दिवस पाहिले होते, फेस जरासा बाजूला सारून रोज पिल्लांची चित्रे काढली होती आणि शेपटी कोणत्या दिवशी दिसली तेही लिहिले होते. पुढच्या उन्हाळ्यात मी तिला प्रकल्पासाठी बोलावले आणि पहिल्या दिवशी आर्टेमिया धुवायला बसवले.