पहिली मोटरसायकल: आधी बंद गाडी ढकलून बघा

गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी काय विचारतो? सीसी किती, पिकअप कसा आहे, टॉपला किती पळते. मीही हेच विचारलं होतं, आणि घेतल्यापासून तिसऱ्या दिवशी गाडी पाडली. पार्किंगमधून वळवून काढत होतो, हँडल पूर्ण डावीकडे, वेग चालत्या माणसाएवढा. कुणीतरी आडवं आलं म्हणून दचकून पुढचा ब्रेक दाबला. चाक जागीच थांबलं, गाडी डावीकडे कलली आणि सगळं वजन पायावर आलं. एक क्षण सावरतेय असं वाटलं, मग ती सावकाश, जणू दमून, आडवी झाली. क्लचचा लिव्हर मोडला, इंडिकेटर फुटला. उचलायला दोघे धावून आले, त्याची लाज वेगळीच. ती गाडी टॉपला किती पळते हे मला पुढे कधीच कळलं नाही.

म्हणून माझ्या यादीत पहिलं काम हे आहे: दुकानात गेल्यावर लगेच किल्ली मागू नका. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, डाव्या बाजूला उभे राहा, दहा पावलं पुढे ढकला, दहा पावलं मागे ओढा. मग हँडल पूर्ण वळवून छोटा गोल काढा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. डबल स्टँड असेल तर लावून बघा. त्यात ताकदीपेक्षा युक्ती जास्त लागते. अंगाचा भार स्टँडच्या दांड्यावर पायाने द्यायचा, हाताने गाडी फक्त सरळ धरायची. एवढ्याने दम लागत असेल, तर चढावर अडकलेली, मागे कुणीतरी बसलेली तीच गाडी काय करेल याचा अंदाज तिथेच येतो. विक्रेता जरा चमत्कारिक नजरेने बघेल. बघू दे.

वजनाचा आकडा वाचताना तो कर्ब वेट आहे ना, म्हणजे ऑइल-पेट्रोलसकट, हे पाहा. काही ठिकाणी कोरडं वजन छापतात आणि गाडी कागदावर हलकी होते. १२५ सीसीची साधी गाडी साधारण १२० किलोच्या आसपास भरते, ३५०ची धिप्पाड सिंगल सिलिंडर १८० ते २००पर्यंत जाते. पण त्याच वजनाच्या दोन गाड्या हाताला सारख्या लागत नाहीत. वजन खाली असेल तर गाडी कलली तरी सावरता येते. वर असेल तर एका ठरावीक कोनानंतर ती ऐकत नाही. पेट्रोल लिटरला पाऊण किलो धरा. १२ लिटरची टाकी भरली की नऊ किलो वाढतात, तेही सगळ्यात वरच्या जागी. शोरूममधली गाडी बहुतेक वेळा जवळपास रिकाम्या टाकीची असते.

मग बसून बघायचं. जे बूट घालून चालवणार तेच घालून जा, चपलेवर जाऊन सीटची उंची ठरवू नका. माहितीपत्रकात ७९० मिलिमीटर, ८३० मिलिमीटर असे आकडे असतात, पण सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि कमी उंचीची गाडीही उंच वाटते. निमुळती असेल तर उंच गाडीवरही पाय टेकतात. दोन्ही तळवे पूर्ण टेकले तर उत्तमच. एक पाय पूर्ण आणि दुसऱ्याचा चवडा टेकत असेल तरी शिकाऊ माणसाचं भागतं. दोन्ही पाय नुसत्या बोटांवर असतील तर ती गाडी दोन वर्षांनी घ्या. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेले हवेत, आणि हँडल पूर्ण वळवल्यावर बाहेरचा हात ताणला जाता कामा नये. क्लच वीस वेळा दाबा. विसाव्या वेळी पंजा दुखायला लागला तर ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासात काय होईल ते सांगायला नको. काही गाड्यांना असिस्ट क्लच असतो, त्याचा लिव्हर लक्षात येण्याइतका हलका लागतो. लहान पंजाच्या माणसाने लिव्हरचं अंतर कमी-जास्त करायची सोय आहे का, हे जरूर विचारावं.

आता सीसी. युरोपात शिकाऊ चालकांसाठी लायसन्सच्या पायऱ्या आहेत: ए-१ वर्गात १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंत, ए-२ मध्ये ३५ किलोवॉटपर्यंत, म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवर. ए-२ला सीसीची अटच नाही. शक्ती आणि वजनाशी तिचं गुणोत्तर पाहतात. मला हे पटतं. ३५० सीसीचं संथ, लांब स्ट्रोकचं (म्हणजे पिस्टनची चाल लांब असलेलं) इंजिन नवख्याला सांभाळून घेतं, आणि वरच्या आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला जास्त फेरे घेताना, अचानक उसळणारं ३००चं इंजिन घाबरवतं. बघायचं ते असं: कमी आरपीएमवर, अॅक्सिलरेटर जवळजवळ न देता, नुसता क्लच हळू सोडून गाडी चालायला लागते का? लागत असेल तर हाफ क्लच शिकायला ती चांगली. पहिली गाडी म्हणून १२५ ते २०० सीसी, सिंगल सिलिंडर, सरळ बसायची, हे माझं मत, आणि ते मी कुणाच्याही आग्रहाने बदललेलं नाही. पुढे झुकून बसायच्या स्पोर्ट गाड्यांचं हँडल कमी वळतं आणि भार मनगटांवर येतो. नवख्याची निम्मी धडपड हळू वेगात असते, नेमकी तिथेच त्या गाड्या नडतात.

ब्रेकच्या बाबतीत मात्र पैसे वाचवू नका. मोटरसायकलला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जागीच अडकू न देणारी यंत्रणा, पहिल्यांदा १९८८ साली बीएमडब्ल्यूच्या के-१०० मालिकेत मिळालं, आज ते लहान गाड्यांवरही येतं. १९८१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या हर्ट अहवालात लॉस एंजेलिस परिसरातले ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले होते. त्यात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश वेळा समोरच्याने मोटरसायकलची वाट अडवली होती. म्हणजे दचकून ब्रेक दाबायची वेळ येणार हे धरूनच चालायचं. ब्रेक लावल्यावर भार पुढच्या चाकावर सरकतो, त्यामुळे थांबवायचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, आणि घाबरलेली मूठ नेमका तोच आवळते. चाक लॉक झालं की गाडी घसरते. एबीएस ते होऊ देत नाही. पण गाडी वळलेली, कललेली असेल तेव्हा एबीएसच्या भरवशावर राहू नये. माझ्या पार्किंगमधल्या पडण्यातही त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. हँडल वळलेलं असताना हळू वेगात मागचाच ब्रेक वापरायचा, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

बजेट ठरवताना आधी हेल्मेट, हातमोजे, जाकीट आणि घोटा झाकणारे बूट यांचे पैसे बाजूला काढा, उरलेल्यात गाडी बसवा. उलट केलं की हेल्मेट 'पुढच्या महिन्यात' येतं. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटरसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. ते या विषयामागे लागले आणि १९४१ साली त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर निबंध लिहिला. ब्रिटिश सैन्यातल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट मिळण्यामागे तेच काम होतं. दुकानात हेल्मेट पंधरा मिनिटं घालून बसा. गाल दाबले गेले पाहिजेत, कपाळ दुखता कामा नये. पट्टा लावून मागून वर ढकललं आणि ते पुढे निसटलं, तर एक साइझ लहान बघा. आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच चेपण्यासाठी असतो, म्हणून सेकंडहँड हेल्मेट कितीही चकचकीत असलं तरी नको.

सेकंडहँड गाडी मात्र पहिल्यांदा घ्यायला हरकत नाही, उलट तीच बरी. ती पडणारच आहे, मग नव्या रंगावर ओरखडा कशाला? फक्त बघायला जाण्याआधी सांगून ठेवा की गाडी चालू करू नका, मी आल्यावर करू. गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. कोमट लागलं तर आधीच चालू करून ठेवलंय, आणि इंजिन थंड असताना स्टार्ट व्हायला ती काय नखरे करते हे तुमच्यापासून लपवलंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. गार हवेत सुरुवातीला पांढरी वाफ आली आणि मिनिटभरात गेली तर चिंता नाही. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर, पण टायर जुना आणि कडक झालेला, असं पुष्कळदा निघतं, आणि असा टायर पावसात दगा देतो. मागच्या स्प्रॉकेटवरची (चेनच्या दातेरी चाकावरची) चेन चिमटीत धरून मागे ओढा. दाताचा बराच भाग उघडा पडला किंवा दात एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले दिसले, तर चेनसेट गेलाय. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेलाची वर्तुळं असतील तर सील फुटलंय. डबल स्टँडवर मागे भार देऊन पुढचं चाक उचला आणि हँडल अगदी हळू फिरवा. मध्यावर टक् करून अडकल्यासारखं झालं तर बेअरिंग बदलावं लागणार. किलोमीटर कमी दाखवतेय, पण फूटरेस्टचं रबर गुळगुळीत झालंय? मग मीटरवर विश्वास ठेवू नका. लिव्हरचं टोक, हँडलचं टोक आणि फूटरेस्टची कड घासलेली असेल तर ती पडलेली आहे. यात वाईट काही नाही, सगळ्या पडतात. पण 'एकदाही पडली नाही हो' असं मालक छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्या बाकीच्या गोष्टीही त्याच मापाने घ्या.

चासी नंबर हँडलखालच्या लोखंडावर कोरलेला असतो, इंजिन नंबर इंजिनवर. दोन्ही कागदांशी स्वतः ताडा, फोटोवरून नको. विमा, मालकी, कर्ज फिटल्याचा दाखला; एवढं झालं की कागद संपले.

टेस्ट राइडला लांब जायचं नाही. मोकळ्या जागेत फर्स्ट गिअरमध्ये आठचा आकडा काढा, थांबा, पुन्हा निघा, न्यूट्रल सहज सापडतो का पाहा. सरळ रस्त्यावर हात सैल धरल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर कारण विचारा. अजून आठचा आकडा काढता येत नसेल, तर खरेदी पुढे ढकला आणि आधी प्रशिक्षण वर्गात दुसऱ्याची गाडी पाडून घ्या. हर्ट अहवालात अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून-मित्रांकडून शिकलेले होते. रस्त्यावरचे इतरही तसेच शिकलेले असतील तर हा आकडा वाटतो तितका बोलका नाही, हे खरं. तरीही पडलेली गाडी उचलायची कशी हे मला मित्राने शिकवलं नाही, वर्गात शिकलो: सीटला पाठ लावायची, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची पकड, आणि पायांच्या जोराने उलटं चालत उभं राहायचं. उजव्या बाजूला पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर उघडून ठेवायचा, नाहीतर ती पलीकडे पडते.

शेवटचं काम ठरवून ठेवा: गाडी घरी कोण आणणार? नवे टायर पहिले दीडेकशे किलोमीटर गुळगुळीत असतात, गाडी अनोळखी असते, उत्साह जास्त असतो. दुसरी गाडी घेतली तेव्हा मी किल्ली मित्राच्या हातात दिली आणि मागे बसून आलो. गल्लीत शिरल्यावर उतरलो, शेवटचे शंभर पावलं ती बंद करून ढकलत आणली.