ॲल्युमिनियमची क्लच बास्केट लवकर झिजते? या चुका टाळा

न्यूट्रल सापडत नाही, सिग्नलला क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकू पाहते आणि पहिला गिअर टाकताना दणका बसतो, अशी तक्रार केली की बहुधा ‘प्लेटा बदला’ एवढेच उत्तर मिळते. माझ्या 150 सीसीच्या गाडीच्या प्लेटा वर्षात दोनदा बदलूनही दोष गेला नाही, तेव्हा मी कव्हर उघडायला लावून बास्केटच्या, म्हणजे क्लचच्या प्लेटा ज्यात बसतात त्या वाटीसारख्या भागाच्या, बोटांवरून (कडेच्या उभ्या पट्ट्यांवरून) नख फिरवून पाहिले. प्रत्येक बोटाच्या कडेला ओळीने खाचा पडलेल्या होत्या आणि नख प्रत्येक खाचेत अडकत होते.

प्लेटा बदलताना बास्केट न तपासणे ही सर्वांत मोठी चूक आहे. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या जवळजवळ एक तृतीयांश असल्याने फिरणारे वजन कमी होते आणि इंजिन चटकन उचल घेते. पण हा धातू मऊ असल्यामुळे, थ्रॉटल उघडला-मिटला की घर्षण प्लेटांचे कान (कडेला बाहेर आलेले दाते) बोटांवर आपटतात आणि तिथे हळूहळू खाच पडते. त्या खाचेत अडकलेली प्लेट क्लच दाबल्यावर सहज सरकत नाही, म्हणून क्लच पूर्ण सुटत नाही, आणि नव्या प्लेटाही जुन्याच खाचांत जाऊन बसतात.

खाचा कानशीने घासून काढणे हा उपाय अगदी उथळ खाचांपुरताच चालतो. जास्त घासले की कान आणि बोट यांच्यातील फट वाढते आणि आपटणे अधिक जोरात होते. हार्ड ॲनोडाइझ केलेल्या (विजेच्या प्रक्रियेने पृष्ठभाग कठीण केलेल्या) बास्केटवरचा कठीण थर तर मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचाच असतो. कानस फिरली की तो निघून जातो आणि आतला मऊ धातू उघडा पडतो. खोल खाचांना बास्केट बदलण्यावाचून इलाज नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. बास्केट काढलीच आहे, तर तिच्या मागचे रबर किंवा स्प्रिंगचे डॅम्पर सैल झालेले नाहीत ना, हेही हाताने हलवून पाहावे, कारण धक्के शोषण्याचे काम तेच करतात.

तेलाच्या बाबतीत मोटारीचे ‘इंधन वाचवणारे’ तेल ओल्या क्लचमध्ये, म्हणजे इंजिन तेलात बुडून चालणाऱ्या क्लचमध्ये, घालू नये. त्यातील घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे प्लेटा घसरू शकतात, आणि घसरण्याच्या उष्णतेने पोलादी प्लेटा वाकू शकतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ (ओल्या क्लचच्या दुचाकींच्या तेलाचे जपानी मानक) लिहिलेले असावे. घाटात हाफ क्लचवर गाडी रेटत राहिल्यानेही हीच उष्णता साठते. नव्या घर्षण प्लेटा बसवण्यापूर्वी इंजिन तेलात भिजवाव्यात.

शेवटची चूक पान्ह्याची आहे. क्लच स्प्रिंगचे 6 मिलिमीटरचे बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटरलाच आवळायचे असतात (नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा), पण हाताच्या अंदाजाने दणकट पिळले की ॲल्युमिनियम हबमधले (प्लेटांच्या मधोमध असलेल्या भागातले) आटे बोल्टसोबतच बाहेर येतात. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, दोन-तीन टप्प्यांत आणि टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्ह्याने) आवळावेत.