स्वतःच्या नक्षीचे कापड छापून घेताना जोड कसा लपवावा

नक्षी सुचलेली आहे, ती कागदावर उतरवता येते आणि संगणकावर तिच्यात रंग भरता येतात, एवढे मी गृहीत धरते.

कापड सर्वांत आधी ठरवावे, कारण शाई कापडावरून ठरते. सुती कापडावर रिॲक्टिव्ह शाई धाग्याशी रासायनिक रीतीने बांधली जाते, त्यामुळे रंग पक्का राहतो आणि कापडाचा मऊपणा जात नाही. पिगमेंट शाई धाग्याच्या वरच बसते, म्हणून गडद भागात कापड थोडे ताठ लागते. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाईची वाफ करून ती धाग्यात उतरवणे, ही पॉलिएस्टरची छपाई आहे. सुती कापडावर ती कोणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी घेऊ नये. कुर्त्यासाठी पहिल्या वेळी कॅम्ब्रिक (घट्ट विणीचे तलम सुती कापड) आणि रिॲक्टिव्ह छपाई घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी उदाहरणादाखल प्राजक्ताचा सडा घेते. पांढऱ्या पाकळ्या, केशरी देठ आणि मागे गडद हिरवी जमीन, म्हणजे नक्षीमागचा सलग रंग. सुती कापडाच्या डिजिटल छपाईत सहसा पांढरी शाई वापरत नाहीत. तिथे पांढरे म्हणजे न छापता सोडलेले कापड. म्हणून कापड पांढरेच घ्यावे आणि जमिनीचा रंग छापून घ्यावा.

आता रिपीट. संपूर्ण कापडावर एकच चौकोन पुन्हा पुन्हा छापला जातो, आणि त्याचा जोड दिसला की बाकीची सगळी मेहनत वाया जाते. सर्रास दिला जाणारा सल्ला असा असतो: चौकोनाच्या मध्यभागी चित्र काढा, कागद उभा आणि आडवा कापून चार तुकडे करा, त्यांची अदलाबदल करून चिकटवा, मध्ये जी मोकळी जागा येईल ती भरा, काम झाले. मी हे तंतोतंत केले आणि तीन मीटर कापड छापून आणले. हातात धरल्यावर ते सुंदर दिसत होते, पण सतरंजीवर पसरून खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले तेव्हा हिरव्या जमिनीचे रिकामे डाग तिरप्या रांगांत, सुमारे सव्वाचार इंचांच्या अंतराने, एकामागून एक उभे असलेले दिसले. सडा कुठेच नव्हता, जाळी मात्र स्पष्ट होती. ते कापड मी शेवटी उशांच्या आतल्या खोळींना वापरले.

चूक कुठे होते ते नीट समजून घ्यावे. दोन्ही अदलाबदली एकदम केल्या की चौकोनाचे चार कोपरे मध्यभागी येतात आणि तेवढेच भरले जातात. चारही कडांचे मध्यबिंदू मात्र अदलाबदलीनंतरही कडेलाच राहतात. तिथे हात पोहोचत नाही आणि डोळाही जात नाही. म्हणून मध्यभाग एकदा नव्हे, आणखी तीन वेळा भरावा लागतो.

सहा इंचांचा चौकोनी कागद घ्यावा आणि पहिली फुले कडांना न लागता मध्ये काढावीत. मग कागद मधोमध उभा कापून डावा भाग उजवीकडे व उजवा डावीकडे न्यावा, मागून सहज निघणारी चिकटपट्टी लावावी आणि मध्ये आलेली मोकळी जागा भरावी. त्यानंतर आडवा कापून वरचा भाग खाली व खालचा वर न्यावा आणि पुन्हा मध्य भरावा. शेवटी उभी अदलाबदल परत फिरवावी, म्हणजे वरच्या आणि खालच्या कडेचे मध्यबिंदू एकत्र येतात, तेही भरावेत. प्रत्येक वेळी नव्या कडांना रेघ लागू देऊ नये. संगणकावर हेच काम ऑफसेट या आज्ञेने होते, पण पहिली नक्षी कागदावरच करावी, कारण कडा कुठून कुठे जाते हे कात्री चालवल्याशिवाय मनात बसत नाही. राजस्थानातल्या बगरू आणि सांगानेरचे, कापडछपाईचे ठसे कोरणारे कारागीर हाच हिशेब लाकडात मांडतात: ठशाच्या एका कडेला तुटलेली वेल समोरच्या कडेला बरोबर त्याच उंचीवर सुरू होते.

आरसा धरल्यासारखा चौकोन उलटवून शेजारी लावा, जोड आपोआप जुळेल, असेही सांगतात. जोड जुळतो हे खरे, पण प्रत्येक जोडावर दोन फुले एकमेकांकडे पाहत बसतात आणि सड्याचा विस्कळीतपणा संपतो. हा मार्ग घेऊ नये.

रेखाटन ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, स्कॅन करावे. सहा इंचांना १८०० पिक्सेल मिळतात आणि ते पुरेसे आहेत. चौकोन कडेवर अगदी अचूक कातरावा, कारण एका पिक्सेलची पांढरी कड राहिली तरी कापडभर दर सहा इंचांवर बारीक रेघ उमटू शकते. रंग भरून झाल्यावर तीन गुणिले तीन असे नऊ चौकोन खऱ्या मापात छापून भिंतीवर जोडून लावावेत आणि दहा फुटांवरून डोळे किलकिले करून पाहावेत. रांग किंवा डाग दिसला तर तिथले एखादे फूल फिरवावे, एखादे मोठे करावे, आणि पुन्हा पाहावे. मला यात दोन संध्याकाळी सहज लागतात.

पडद्यावरचा रंग कापडावर तसाच येत नाही. हिरव्याच्या दहा-बारा छटा क्रमांक घालून एका पट्टीवर छापून मागवाव्यात आणि दिवसाच्या उजेडात निवडाव्यात.

ऑर्डर देताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारून घ्यावा. फुले सगळ्या दिशांना पडलेली असतील तर शिंप्याला तुकडे उलटसुलट मांडता येतात. सगळी एकाच दिशेला असतील तर कापड जास्त घ्यावे. ते हाती आल्यावर शिवण्याआधी साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवावे, म्हणजे जे आटायचे ते कात्री लागण्यापूर्वीच आटते.