इन्सुलिन टोचल्यावर मुलाला गांधी उठतात? आधी हे बघा

पहिली गोष्ट म्हणजे घाबरून इन्सुलिन बंद करू नका. टाइप १ डायबेटिसवाल्या मुलाचं इन्सुलिन थांबलं तर रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढून जिवावर बेतू शकतं, खाजेचा मार्ग निघतो.

आता नीट बघा की नक्की कधी उठतंय. टोचल्यावर अर्ध्या तासात डास चावल्यासारखी लाल गांध येते का, की काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी टणक, खाजरी गाठ येते, दोन्ही प्रकार वेगळे आहेत आणि डॉक्टर हेच आधी विचारतात. लाल भागाभोवती बॉलपेनने गोल काढा, बाजूला नाणं धरून फोटो काढा, वेळ आणि कुठलं इन्सुलिन ते लिहून ठेवा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत बहुतेक वेळा सगळं गेलेलं असतं आणि दाखवायला काहीच उरत नाही.

दरवेळी दोष इन्सुलिनचाच असतो असं नाही. स्पिरिट ओलं असतानाच सुई टोचली की चुरचुरतं, त्यामुळे ते पूर्ण वाळू द्या. एकदा नुसतं स्पिरिट लावून बघा, तरीही लाल झालं तर अर्धं कोडं सुटलं. फ्रीजमधलं गार इन्सुलिनही दुखतं. सुई दरवेळी नवी घ्या. शुगर मोजायला अंगावर लावलेल्या सेन्सरच्या पट्टीच्या आकाराचाच चट्टा असेल तर तो चिकटपट्टीचा.

आणि मऊ, न खाजणारा, न दुखणारा फुगवटा ही ॲलर्जी नाही, तो एकाच जागी टोचून टोचून येतो. मुलं तिथेच द्या म्हणतात कारण तिथे दुखत नाही, पण तिथून इन्सुलिन धड शोषलं जात नाही. जागा बदला, मात्र नव्या जागी तोच डोस जास्त लागू होऊन शुगर खाली जाऊ शकते, म्हणून सुरुवातीला जास्त वेळा तपासा आणि डोसचं डॉक्टरांना विचारा.

खरी ॲलर्जी कधी इन्सुलिनची तर कधी त्यात मिसळलेल्या मेटाक्रेसॉल, प्रोटामिन किंवा झिंक अशा इतर घटकांची असते, म्हणून डॉक्टर बऱ्याचदा आधी प्रकार बदलून बघतात. स्वतःहून बदलू नका. खाजेची गोळी देत असाल तर स्किन टेस्टच्या (कातडीवर करायच्या ॲलर्जीच्या तपासणीच्या) आधी नक्की सांगा, तिच्यामुळे टेस्ट चुकीची येते.

अंगभर गांधी, ओठ किंवा चेहरा सुजणं, धाप, उलट्या, चक्कर असं काही झालं तर थेट इमर्जन्सीत जा, आणि जाताना ते इन्सुलिनचं पेन सोबत घ्या, किती युनिट किती वाजता दिलं ते तिथे लगेच सांगा.