जर्मनीच्या फिरस्तीत जुन्या प्रवासमित्रांच्या घरी जाताना

हंपीच्या गेस्ट हाउसमध्ये, वाराणसीच्या घाटावर किंवा लेहच्या बसमध्ये ओळख झालेला जर्मन मित्र त्या वेळी महिनोन्महिने फिरतीवर असतो आणि त्याच्याजवळ वेळच वेळ असतो. काही वर्षांनी आपण त्याच्या देशात जातो तेव्हा मात्र तो नोकरीत, संसारात आणि कदाचित लहान मुलाच्या पाळणाघराच्या वेळांत अडकलेला असतो. म्हणून पाठीवर सॅक टाकून जर्मनीत हिंडताना अशा दोन-चार मित्रांना भेटायचे असेल, तर आधी त्यांच्या मोकळ्या तारखा मिळवाव्यात आणि किल्ले, कॅथेड्रल, संग्रहालये त्या तारखांच्या मध्ये बसवावीत. बहुतेक जण आधी शहरांची यादी करतात, तिकिटे काढतात आणि मग मित्राला कळवतात. तोवर त्याने त्याच आठवड्यात स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावर जाण्याचे ठरवून टाकलेले असते.

आपल्याकडे जळगाव-धुळ्याला ‘इकडे आलोच होतो, म्हटलं भेटून जावं’ असे म्हणत दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यापुढे चहा आणि मागाहून ताटही येते. जर्मनीत असे अचानक जाणे यजमानाला अवघडवून टाकते. दोन-तीन महिने आधी पत्र पाठवावे आणि त्यात कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता पोहोचणार, किती रात्री राहू इच्छिता आणि घरी सोय नसेल तर होस्टेलमध्ये उतरून केवळ संध्याकाळी भेटायलाही आनंद वाटेल, हे सारे स्पष्ट लिहावे. शेवटचे वाक्य विसरू नये, कारण त्यामुळे समोरच्याला संकोच न करता उत्तर देता येते. ‘त्या शनिवारी जमणार नाही’ असे उत्तर आले तर त्यात रुसवा शोधू नये. ते केवळ वेळापत्रक असते आणि बहुधा त्याच पत्रात पुढची तारीख सुचवलेली असते.

तारखा निवडताना शाळांच्या सुट्ट्या पाहाव्यात. उन्हाळी सुट्टी प्रत्येक राज्यात वेगवेगळ्या काळात असते आणि बव्हेरियात ती सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते, त्यामुळे मुले असलेला मित्र त्या काळात घरी सापडणे कठीण. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट असतो; तेव्हा मित्राच्या घरी जागा नसेल तर तो मुक्काम सरळ दुसऱ्या महिन्यात ढकलावा, इतके तिथले खोल्यांचे भाव चढतात.

व्हिसाचा भाग कंटाळवाणा आहे, पण मित्राशी असलेल्या संबंधाचा खरा कस तिथेच लागतो. अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह बहुतेक युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा) कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुंबईच्या अर्जकेंद्रात बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते, तेव्हा भुसावळ किंवा जळगावहून रात्रीची गाडी धरून सकाळी पोहोचण्याच्या बेतात दुपारची वेळ घेतलेली बरी.

मित्राकडून दोन प्रकारचे कागद मिळू शकतात. पहिला साधे निमंत्रणपत्र: अमुक तारखांना अमुक व्यक्ती माझ्याकडे या पत्त्यावर राहील, इतकाच त्याचा मजकूर, सोबत यजमानाच्या ओळखपत्राची प्रत. दुसरा म्हणजे तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन, शुल्क भरून आणि स्वतःच्या उत्पन्नाचे पुरावे दाखवून दिलेले खर्चाचे हमीपत्र. हे हमीपत्र कायद्याने बंधनकारक असते. पाहुण्याच्या राहण्या-खाण्याचा, आजारपणाचा, वेळ आली तर त्याला परत पाठवण्याचाही खर्च यजमानाकडून वसूल होऊ शकतो. आठवडाभर एकत्र भटकलेल्या माणसाकडे एवढी जबाबदारी मागणे मला योग्य वाटत नाही. आपले बँक खात्याचे उतारे आणि आयकर विवरणपत्रे व्यवस्थित असतील, तर स्वखर्चाने जात असल्याचे दाखवून मित्राकडून फक्त निमंत्रणपत्र घ्यावे.

घरचा मुक्काम दोन रात्रींचा ठेवावा. तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल काढणारी आपली म्हण आहे, आणि पाहुणा मासळीप्रमाणे तीन दिवसांनी वास मारू लागतो असे जर्मनही म्हणतात, त्यामुळे या बाबतीत दोन्हीकडच्या थोरांचे एकमत दिसते. शुक्रवारी संध्याकाळी जाऊन रविवारी दुपारी निघणे सर्वांत सोयीचे. मधल्या रात्री युवा वसतिगृहात काढाव्यात; ही कल्पना मुळात जर्मनीचीच असून जगातले पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात सुरू झाले.

एका मित्राकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी ‘डॉइचलँड तिकीट’ उपयोगी पडते. मे २०२३ मध्ये ते महिन्याला ४९ युरोंना सुरू झाले, २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ पासून ६३ युरो झाले. त्यावर देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, उपनगरी गाड्या, मेट्रो, ट्राम आणि शहर बस चालतात. आयसीई, आयसी यांसारख्या वेगवान गाड्या चालत नाहीत. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. हे तिकीट कॅलेंडरच्या महिन्यासाठी असते, म्हणून पंधरा तारखेपासून पुढच्या पंधरापर्यंत फिरल्यास दोन महिन्यांचे पैसे जातात; सगळा प्रवास एकाच महिन्यात बसवावा. शिवाय ते मासिक वर्गणीच्या रूपात असते आणि त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केले नाही तर पुढच्या महिन्याची रक्कमही कापली जाते. तिकीट नावावर असल्याने तपासणीच्या वेळी पासपोर्ट जवळ हवा.

प्रादेशिक गाड्यांनी म्युनिकहून बर्लिन गाठायला अख्खा दिवस जातो, तेव्हा अशा लांब टप्प्यासाठी आयसीईचे सवलतीचे तिकीट आधीच काढावे. कोलोनहून फ्रँकफर्टकडे जाताना मात्र मुद्दाम संथ गाडी घ्यावी, कारण वेगवान गाडी ऱ्हाईनची दरी सोडून दुसऱ्या मार्गाने धावते आणि कोब्लेन्झ ते बिंगेन हा किल्ले व द्राक्षमळ्यांनी भरलेला, २००२ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेला पट्टा हुकतो.

जर्मन माणूस वेळेचा पक्का असला तरी त्याची रेल्वे तशी राहिलेली नाही. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या सुमारे ६२ टक्के गाड्याच वेळेवर धावल्या. आपली गाडी रखडली तर यजमानाला नवल वाटणार नाही, पण पोहोचण्याची नवी वेळ लगेच कळवायला हवी.

भेट म्हणून काय न्यावे, हा खान्देशी घरात सर्वांत जास्त चर्चिला जाणारा प्रश्न. युरोपीय संघाबाहेरून मांस व दुधाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे, त्यामुळे आईने कितीही आग्रह केला तरी पेढे, खव्याची मिठाई आणि साजूक तूप घरीच ठेवावे. ताजी फळे-भाज्या नेण्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, म्हणून भरताची वांगी आणि कढीपत्ता बाद. या नियमातून अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी एवढीच फळे सुटली आहेत, म्हणजे जळगावची केळी कायद्याने जाऊ शकतात. सॅकमध्ये त्यांचे काय होईल, हे ज्याचे त्याने पाहावे. त्यापेक्षा तेलात तळलेले केळीचे वेफर्स, उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे आणि घट्ट बंद केलेला काळा मसाला न्यावा. सर्वांत मोलाची भेट म्हणजे त्या जुन्या प्रवासातले, दोघे एकत्र असलेले छायाचित्र छापून नेणे.

घरात शिरताना बूट काढावेत. टॉवेल आणि झोपण्याची पातळ चादर-पिशवी आपली असावी. रात्री दहानंतर आवाज कमी ठेवावा आणि रविवारीही शांतता पाळावी. रविवारी दुकाने बंद असतात, मोठ्या स्थानकांतली काही उघडी असतात. म्हणून जे लागेल ते शनिवारी यजमानासोबत जाऊन आणावे आणि त्याचे पैसे आपण देऊ करावेत. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या कचऱ्यात टाकू नयेत, बहुतेकींवर २५ सेंटची अनामत असते आणि दुकानातल्या यंत्रात ती परत मिळते. उपाहारगृहात प्रत्येकाने आपापले बिल देण्याची रीत आहे. मित्राने एकदम पूर्ण बिल दिले नाही म्हणून मन खट्टू करून घेऊ नये.

एका संध्याकाळी स्वयंपाक आपण करावा. वांग्याचे भरीत सोपे पडते, कारण दुकानात मोठी जांभळी वांगी मिळतात आणि शेंगदाण्याच्या तेलातले भरीत व्हीगन मित्रालाही चालते. मात्र पुष्कळ घरांत गॅसऐवजी विजेची सपाट शेगडी असते. वांगी टोचून ओव्हनच्या ग्रिलखाली, साल काळी पडेपर्यंत भाजावीत. घराघरांत धूरसूचक यंत्र बसवणे बंधनकारक असल्याने फोडणी देताना खिडकी सताड उघडावी आणि मिरची हात राखून घालावी.

निघण्यापूर्वी अंथरुणाची खोळ काढून घडी घालून ठेवावी आणि परतीचे निमंत्रण देताना ‘कधीही या’ असे मोघम सांगू नये. एप्रिल-मे महिन्यांत खान्देशात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या तारखा सुचवाव्यात, तेव्हा भरताच्या वांग्यांचाही हंगाम असतो. जळगावहून साधारण ६० किलोमीटरवर असलेली अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, हेही त्याच वेळी लिहून द्यावे, म्हणजे त्याला सुट्टीचा अर्ज करताना दिवस मोजता येतील.